ब्रेकचा लाल दिवा

"माझा पाय ब्रेकवरच होता." हे एक वाक्य तातांग, म्हणजे माझे वडील, आठवडाभर एकाच सुरात म्हणत होते आणि गावात कुणी ते मनावर घेत नव्हतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसानं तेच तेच सांगितलं की आपण मान हलवतो आणि चुलीकडे बघतो, तशी मी बघत होते.

घडलं होतं ते एवढंच. जानेवारीतली सकाळ, आमच्या डोंगरावर कोबीवर दंव गोठलेलं. रस्त्याकडेच्या शेडपुढे कोबीच्या पेट्यांची चळत लावलेली आणि गाडी नि चळतीच्या मधे शेजारची आंटी क्रेसिंग वाकून पेट्या मोजत होती. तातांगनी नेहमीप्रमाणे आपली बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी सुरू केली, नेहमीप्रमाणे कॉफीचा मग संपवला आणि गिअर टाकला. गाडीनं पुढे उडी मारली. आंटीचा उजवा पाय बंपर आणि पेट्यांच्या मधे सापडून नडगीतून मोडला. बाजूला एक ट्रक इंजिन चालू ठेवून भरला जात होता, त्याच्या घरघरीत कुणाला काही ऐकू गेलं नाही, आणि धावत आले ते सगळे नंतर.

निकाल मात्र लगेच लागला. तातांग, म्हणजे गावाचा तेओ बायोसा, म्हातारा झाला, ब्रेक समजून गॅसचं पेडल दाबलं. माझा थोरला भाऊ डेल्फिन यानं त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली काढून घेतली.

शनिवारी तोंगतोंग ठरलं. आमच्याकडे असल्या गोष्टी पोलिसात नेत नाहीत. दोन्ही घरं आणि गावातले जाणते गोल करून बसतात आणि पोटातलं ओठावर येईपर्यंत बोलतात. मग जे ठरतं ते ठरतं. तातांगचा पाय चुकला असं तिथे ठरलं असतं, तर किल्ली कायमची गेली असती. ज्या माणसानं चाळीस वर्षं भाजीचा ट्रक या घाटातून खाली ला त्रिनिदाद या शहराच्या बाजारात नेला आणि कड्यावरून एक पेटी पडू दिली नाही, त्याच्याकडून किल्ली घेणं म्हणजे त्याला जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत बसवणं. अपघातापासून त्यांनी दाढी केली नव्हती. त्यांचे ते पांढरे खुंट बघून मला राग यायचा. कुणाचा ते कळत नव्हतं.

माझं गॅरेज शेडच्या खालच्या वळणावर आहे. काम मी तातांगच्याच हाताखाली शिकले. तेव्हा निदान गाडी एकदा बघायची, एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं होतं. मी डेल्फिनकडे किल्ली मागायला गेले.

"कशाला?" तो म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं. आता गाडीत खोट काढणार तू?"

"खोट असली तर निघेल. नसली तर तुझंच खरं."

"सेंदा, मला काय आनंद होतोय का? आज आंटीचा पाय गेला. उद्या शाळेसमोर पोर सापडलं तर तू येणारेस त्याच्या आईला सांगायला?"

तो वाईट माणूस नाही, फक्त त्याचं बरोबर असतं तेव्हा तो फार बरोबर असतो. किल्ली दिली, पण गाडी शेडपुढून हलवायची नाही या अटीवर.

गुरुवारी उजाडायच्या सुमारास मी बॉनेट उघडून उभी राहिले. थंड इंजिनाची तक्रार थंड इंजिनावरच कळते. एकदा गरम झालं की ते शहाण्यासारखं वागतं, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे शनिवारच्या आत मला दोनच सकाळी होत्या.

किल्ली फिरवली आणि इंजिन ओरडत उठलं. आता, थंड इंजिन सुरुवातीला जोरात फिरतंच, त्यात नवल नाही. थंडीत त्याला जास्तीची हवा लागते. तातांगना ते पाठ होतं; म्हणून तर कॉफी. मगातली कॉफी संपेपर्यंत इंजिनाचा वेग खाली उतरायचा आणि तेव्हाच ते गिअर टाकायचे. त्यांचं घड्याळ म्हणजे तो मग. मीही कॉफीचा मग भरून आणला होता. कॉफी संपली, तळाची साखरसुद्धा चाटून झाली, तरी इंजिन उतरेना. या अवस्थेत गिअर टाकला तर ब्रेकवर नुसता टेकवलेला पाय गाडी धरू शकणार नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हाताऱ्याचं खरं असू शकत होतं.

पण असू शकणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. आधी गॅसची वायर बघितली. सैल होती, अडकलेली नव्हती. पायाखालचं रबर जागेवर होतं. हवेचे पाइप कुठे फुटलेत का म्हणून सगळ्या सांध्यांवर फवारा मारला, आवाज बदलला नाही, म्हणजे फट नव्हती. मग वरचा मोठा पाइप काढून आतल्या बारीक भोकावर अंगठा दाबला, तसं इंजिन एकदम खाली बसलं. थंडीतली जास्तीची हवा जाते ती याच भोकातून. आत एक मेणाची कांडी असते. इंजिनाचं गरम पाणी तिच्यापर्यंत आलं की मेण फुगतं, कांडी पुढे सरकते आणि भोक बंद होतं. इथे ते बंद होत नव्हतं. कांडी खराब, असं मी ठरवलं आणि तिच्या घरासकट ती सोडवून घरी आणली.

चुलीवर रताळी उकडायचं पातेलं होतं. त्यात पाणी उकळून मी तो भाग सोडला. तातांग आत आले, पातेल्यात डोकावले.

"मीठ घाल. नाहीतर अळणी लागेल," ते म्हणाले.

आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी थट्टा केली होती. मी हसले, आणि तेवढ्यात कांडी सरकली. अगदी व्यवस्थित, मी बघत असताना, शेवटपर्यंत. ती खराब नव्हतीच.

"गरम पाण्यात ही बंद होतेय," मी म्हणाले. "मग गाडीत का नाही होत?"

मी स्वतःशीच बोलत होते. पण तातांग पातेल्याकडे बघत राहिले, त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली आणि ते न बोलता बाहेर निघून गेले. मला ते खटकलं, पण तेव्हा उलगडलं नाही.

शुक्रवारी पुन्हा अंधुक उजेडात गाडीपाशी. रेडिएटरचं पाणी भरलेलं होतं, ते आदल्या दिवशीच बघितलं होतं. कांडी जागेवर बसवली, इंजिन सुरू केलं आणि हात रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपवर ठेवला. इंजिन आणि रेडिएटरच्या मधे पितळेचं एक लहानसं झाकण असतं, थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन तापेपर्यंत ते पाण्याला बाहेर सोडत नाही. म्हणजे हा पाइप बराच वेळ थंडगार राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. माझ्या हाताखाली तो लगेचच कोमट व्हायला लागला आणि कोमटच राहिला. समोरच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं तर तो तळाशी. आमच्याकडे काटा तळाशी दिसला की लोक देवाचे आभार मानतात. इंजिन थंड म्हणजे इंजिन खूश, हे इथे प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळतं.

मी इंजिन बंद केलं आणि थर्मोस्टॅटच्या घराचे दोन बोल्ट काढले. आत पितळ नव्हतं. नुसतं भोक.

आणि बोल्टांच्या खाली होता पुठ्ठ्याचा वायसर. कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कात्रीनं कापलेला, कपड्याचा साबण चोळून बसवलेला, कडेला एका रविवारचा अर्धा लाल आकडा. जगात असा वायसर कापणारा एकच माणूस मला माहीत आहे. मी लहान असताना त्यानंच मला साबण चोळायला शिकवलं होतं.

मी तो वायसर खिशात टाकला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे सांगावं तर आंटीचा पाय तातांगच्या हातानं मोडला असा अर्थ. न सांगावं तर तो त्यांच्या पायानं मोडला. नवं झाकण माझ्या फळीवर पडलेलं होतं. ते बसवून टाकलं असतं तर गाडी गरीब गाईसारखी वागली असती आणि म्हाताऱ्याचं वाक्य कायमचं खोटं ठरलं असतं.

घरी येऊन मी वायसर त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी तो ओळखला. हात लावला नाही. "डिसेंबरात चढावर काटा वर गेला होता," ते म्हणाले. "म्हणून झाकण काढलं. सगळ्यांचीच काढतो आपण. माझ्या तिन्ही ट्रकांची काढली. अर्ध्या गावाची मीच काढली. कधी काही झालं नाही."

"ते ट्रक होते, तातांग. त्यांचं इंजिन वेगळं. ही गाडी हवा बंद करायला गरम पाण्याची वाट बघते. तुम्ही ते पाणी तापूच देत नव्हता. आणि त्या दिवशी तर दंव पडलेलं."

"काल पातेल्यात बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते भात चिवडायला लागले. "पाय चुकला म्हटलं तर किल्ली जाते, सेंदा. हात चुकला म्हटलं तर चाळीस वर्षं जातात."

"मग उद्या मी काय सांगू?"

"तुला काय सांगायचं ते सांग," असं म्हणून ते उठले आणि ताट तसंच टाकून झोपायला गेले. मला त्यांची दया आली आणि तितकाच संतापही आला. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि चावायचं मी.

शनिवारी सकाळी शेडपुढे माणसं जमली. मी झाकण बसवलं नव्हतं. गाडी होती तशी आजारी ठेवली होती, कारण आजार दाखवायचाच होता. पण थंडी दगा देत होती. रात्रभर ढग होते, दंव पडलंच नाही, आणि जाणती माणसं कुठे वेळेवर येतात. अपो सुलियान, आमच्यातले सगळ्यात म्हातारे, काठी टेकत येईपर्यंत ऊन डोंगर उतरून शेडच्या पत्र्यावर आलं होतं. आणखी थोड्या वेळात ते बॉनेटवर आलं असतं. इंजिन उन्हानं जरा जरी तापलं आणि गाडीनं उडी मारली नाही, तर सगळं संपलं. मी अपोंना बसूही दिलं नाही.

"अपो, आधी गाडी बघा. बोलणं नंतर."

"पोरी, तोंगतोंगमधे आधी बोलतात."

"आज ऊन थांबणार नाही."

त्यांनी उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली.

मी पेट्यांची चळत त्या दिवशी होती तिथेच रचली होती. पुढे कुणी उभं राहायचं नाही, सगळ्यांनी मागे जायचं आणि ब्रेकचा लाल दिवा बघायचा, असं मी सांगितलं. पाय ब्रेकवर असेल तर दिवा लागेल. पाय सुटला तर विझेल.

"आणि दुसऱ्या पायानं गॅस दाबला तर?" डेल्फिन म्हणाला. "दिवा काय सांगणार?"

मनात मी त्याला चार शिव्या घातल्या. त्याचं पुन्हा बरोबर होतं.

तेव्हा आंटी क्रेसिंग बोलली. तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं, पाय प्लास्टरमधे पुढे ताठ. "मला त्याच्या दाराशी ठेवा," ती म्हणाली. "दार उघडं राहू दे. मी बघते त्याचे पाय."

"आंटी, गाडीजवळ नको," मी म्हणाले.

"गाडी पुढे उडी मारते, बाजूला नाही. आणि एक पाय अजून शिल्लक आहे माझा."

तिची खुर्ची दाराच्या मागच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवली. डेल्फिननं किल्ली तातांगच्या हातात दिली. त्यांनी दाढी केली होती, ते मला तेव्हाच दिसलं. मी त्यांच्या हाती कॉफीचा मग दिला.

"नेहमीसारखा पाय ठेवा," मी हळूच म्हणाले. "जास्त नको, कमी नको. आज समोर कुणी नाही, कुणाला वाचवायचं नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन ओरडलं. आज बाजूला ट्रक नव्हता, त्यामुळे तो आवाज सगळ्यांनी ऐकला आणि काही जण आपोआप एक पाऊल मागे सरले. तातांग कॉफी प्यायला लागले. सगळं गाव एका म्हाताऱ्याला कॉफी पिताना बघत होतं. घोट संपेनात. ऊन पत्र्याच्या कडेवरून खाली सांडलं, पुढच्या चाकावर आलं. आवाज जरासा खाली आल्यासारखा वाटला. त्या क्षणी गाडी बिघडलेलीच राहू दे अशी मी देवाला विनवणी करत होते. मग तो आवाज तिथेच अडकला, वरच.

तातांगनी रिकामा मग खाली ठेवला. मागे लाल दिवा लागला.

"पाय ब्रेकवर आहे," आंटी क्रेसिंग मोठ्यानं म्हणाली. "उजवा. डावा बाजूला आहे, रिकामा."

त्यांनी गिअर टाकला.

गाडीनं उडी मारली. वरची पेटी कोसळली, कोबी रस्त्यावर गडगडले, बंपर खालच्या पेटीत घुसला आणि मग नाक खाली दाबून गाडी जागच्या जागी थरथरत थांबली. हे सगळं एका श्वासात झालं. तातांगनी गिअर काढून इंजिन बंद केलं. मला मागे जायचं धैर्य होत नव्हतं.

"दिवा विझला नाही," मागून अपो सुलियान म्हणाले. "शेवटपर्यंत विझला नाही."

आंटी क्रेसिंग अजून तातांगच्या पायांकडे बघत होती. "हलला नाही," ती म्हणाली. "उडी मारल्यावर खाली गेला, पण तोच पाय, तिथेच." आणि मग ती रडायला लागली. आठवडाभर तिलाही कुणी विचारलं नव्हतं की तुला नक्की कशाचा त्रास होतोय. शेजारच्या माणसानं आपल्याला चिरडलं, याचा होत होता.

डेल्फिननं वाकून रस्त्यावरचे कोबी गोळा करायला सुरुवात केली.

"आता सांग," अपो मला म्हणाले. "गाडी असं का करते?"

मी बॉनेट उघडलं, दोन बोल्ट काढले, रिकामं भोक दाखवलं. इथे पितळेचं झाकण असायला हवं, ते नाही, म्हणून पाणी तापत नाही, म्हणून हवा बंद होत नाही. हे एवढं मी नीट सांगितलं. वायसर माझ्या खिशात होता.

"ते झाकण कुणी काढलं?"

मला वाटलं होतं मी बोलेन. गाडी घेतली तेव्हाच ते नव्हतं, असं म्हणणंही सोपं होतं. आधीचा मालक खाली सपाटीवरचा, त्याला कोण विचारायला जाणार. माझं तोंड उघडलंसुद्धा.

"मी," तातांग म्हणाले. ते गाडीतून उतरले होते आणि दाराला धरून उभे होते. "मी काढलं. माझ्या हातानं. पाय माझा बरोबर होता, क्रेसिंग. हात चुकला. आणि तो एवढी वर्षं चुकतच होता, फक्त आतापर्यंत कुणाला लागलं नव्हतं."

रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या आपापल्या जीपांकडे दोघा-तिघांची नजर गेली.

"माझ्या जीपचं पण तूच काढलंस ना?" अपो सुलियाननी विचारलं.

"तुझं पण."

"आणि वर माझ्याकडे जेवून गेलास."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळे गोल करून बसले. पुढचं बोलणं दुपारपर्यंत चाललं. भरपाईचं डुक्कर आम्ही बायोसांनी द्यायचं, आंटीचा कोबी पाय बरा होईपर्यंत आम्ही काढायचा, दवाखान्याचं आम्ही बघायचं. तातांगनी प्रत्येक गोष्टीला आधीच होकार दिला. शेवटी उरली किल्ली. तातांगनी ती खिशातून काढून मधे जमिनीवर ठेवली.

"हे क्रेसिंगनं ठरवावं," अपो म्हणाले. "पाय तिचा गेलाय."

आंटी क्रेसिंगनं किल्लीकडे बघितलं, मग प्लास्टरकडे. "गुरुवारी खाली दवाखान्यात बोलावलंय," ती म्हणाली. "बसमधे हा पाय मावत नाही. तेओ, तू नेशील. पण मी मागे बसणार. पुढून तुझी गाडी एकदा बघितली, तेवढं पुरे."

तातांगनी किल्ली उचलली आणि बराच वेळ मूठ उघडली नाही.

त्याच संध्याकाळी मी नवं झाकण बसवलं. वायसर दुकानातला नव्हता. तातांगनी नवा कापून दिला, कॅलेंडरचाच, आणि साबण मी चोळला.

गुरुवारी पुन्हा दंव होतं. आंटी मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, डेल्फिननं तिच्या पायाखाली उशी सरकवली. इंजिन ओरडत उठलं. मी बॉनेटखाली पाइपवर हात ठेवून उभी होते. थंड, अजून थंड. काटा हळूहळू तळ सोडून वर चढला, इंजिन पायरी पायरीनं खाली उतरलं, आणि मग पाइपमधे एकदम गरम पाणी आलं तसा मी हात काढला. तातांगचा मग कधीच रिकामा झाला होता, तरी ते थांबले होते.

"ब्रेक दाबलायस ना रे?" मागून आंटी क्रेसिंगनं विचारलं.

"दाबलाय."

मी बॉनेट बंद केलं आणि बाजूला झाले. मागे जाऊन दिवा बघितला नाही.